हातपाय हलवायचे की मन सावरायचं? ताण आल्यावर कुठला मार्ग कधी धरावा

ताणात असलेल्या माणसाला सांगलीत दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे "बसून राहू नको, कामाला लाग." दुसरा, "डोक्यातून काढून टाक, जरा गणपतीला जाऊन ये." दोन्ही मायेपोटीच दिलेले असतात, पण एकाच वेळी दोन्ही ऐकायचे तर पंचाईत होते.

रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली नेमकी हीच विभागणी मांडली. काही धडपड ताणाच्या कारणावर असते, काही त्यातून उठणाऱ्या भावनांवर. त्याआधी मन दोन हिशोब करतं: यात माझं काय जाणार आहे, आणि माझ्या हातात काय आहे? कुठला मार्ग धरायचा, हे बहुतेक वेळा दुसऱ्या हिशोबावर ठरतं. आणि लोकांचा घोटाळा होतो तोही तिथेच.

तासगावकडचा बेदाण्याचा शेतकरी घ्या. माल शेडवर वाळत पडलाय आणि वळवाचे ढग आलेत. अशा वेळी त्याला "मन शांत ठेव" म्हणणं म्हणजे थट्टाच. कागद ओढायचे, बाजू झाकायच्या, माणसं बोलवायची. काम झालं की भीतीही निम्मी उतरते.

आता हाच माणूस कृष्णेच्या पुरात बघा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. पाणी पस्तिशीत असताना करण्यासारखं पुष्कळ असतं: कागदपत्रं पिशवीत, धान्य माळ्यावर, जनावरं उंचावर, म्हातारी माणसं पाहुण्यांकडे. पण सगळं हलवून झालं, आपण मिरजेत पाहुण्यांच्या घरी सुखरूप पोचलो, तरी दर दहा मिनिटांनी फोन काढून कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि अलमट्टीतून किती पुढे गेलं हे बघत रात्र काढायची, याला काय म्हणायचं? वाटतं आपण काहीतरी करतोय. प्रत्यक्षात ती नुसती काळजीच असते, आकड्यांचे कपडे घातलेली. तिथे दुसरा मार्ग बरा: जेवणं, झोपणं, पोरांशी पत्ते खेळणं. पातळी सकाळ-संध्याकाळ बघितली तरी चालते.

उलट चूकही तितकीच होते. सोसायटीचं कर्ज थकलंय, नोटीस आलीय, आणि माणूस रोज पहाटे घाटावर फेरी मारून, नामस्मरण करून स्वतःला शांत करतोय. शांत वाटतंही. नोटीस मात्र कपाटावर तशीच. कर्जाच्या पुनर्गठनाबद्दल बोलायला एकदा गेल्याने जे होईल, ते महिनाभराच्या फेऱ्यांनी होणार नाही. फेऱ्या बंद करा असं नाही, तिथे जायचं धैर्य येण्यासाठी त्या जरूर मारा.

परीक्षेचं उदाहरण तर फोकमन आणि लाझारस यांनीच तपासलं होतं. १९८५ च्या त्यांच्या अभ्यासात विद्यार्थी परीक्षेआधी प्रश्नाला भिडत होते, आणि पेपर झाल्यावर, निकालाची वाट बघताना, त्यापासून मन दूर ठेवत होते. एकच माणूस, एकच परीक्षा, टप्पा बदलला की रीतही बदलली. एमपीएससी देऊन उत्तरतालिका पुन्हा पुन्हा जुळवत बसणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मन सावरायचं ठरलं तरी त्यातले सगळे उपाय सारखे नाहीत. दात-ओठ खाऊन गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं असं माझं मत, आणि आपल्याकडच्या पुरुषांना नेमकं तेच शिकवलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत चेहऱ्यावर भावना दिसू न देणाऱ्यांचं शरीर आतून मात्र जास्तच ताणलेलं आढळलं.

मैत्रिणीशी बोलणं चांगलं, पण एक मेख आहे. अमांडा रोझ यांनी २००२ साली शाळकरी मुलामुलींमध्ये दाखवलं, की एकच दुःख दोघांनी मिळून उगाळत बसलं की मैत्री घट्ट होते, पण त्याबरोबर चिंता आणि उदासीही जास्त दिसते. बोलून उठताना पुढचं एखादं पाऊल सुचलं किंवा हसू आलं, तर ते बोलणं कामाचं. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगून तोच राग चढत असेल, तर विषय बदला.

ज्याला बोलायला कुणी नाही, किंवा गाव लहान असल्याने बोललेलं दुसऱ्या दिवशी चावडीवर येतं, त्याला वही बरी. जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या सगळ्यात जाचक अनुभवाबद्दल लिहिलं. घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. मात्र लिहून झाल्या झाल्या बरं वाटत नाही, बऱ्याचदा जास्तच जड वाटतं. नंतरच्या अभ्यासांत सरासरी फायदा थोडाच निघाला. खर्च फक्त वहीचा, म्हणून करून बघायला हरकत नाही. ताजा घाव असेल तर थोडं थांबा.

आता समुपदेशक. दोन आठवड्यांच्या वर झोप, भूक किंवा काम बिघडलेलं असेल तर वरचे उपाय तोलत बसू नका. जीव नकोसा वाटत असेल तर आजच. अनुभवी डॉक्टरच हवेत असंही दरवेळी नसतं: गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्य असलेल्यांना चांगली मदत केली. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. रांगेत कुणी ओळखीचं भेटेल ही धास्ती असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीत चालतो. फोनवर काय बोलायचं याची तयारी लागत नाही. "झोप लागत नाही" एवढं सांगितलं तरी पुढचे प्रश्न तेच विचारतात.