एमिलू हॅरिस ऐकायची तर नॉफ्लरबरोबर की क्रोवेलबरोबर?

अमेरिकन कंट्री गायिका एमिलू हॅरिसचा आवाज आपल्याकडे बऱ्याच जणांच्या कानावर पहिल्यांदा पडला तो गिटारवादक-गायक मार्क नॉफ्लरमुळे. त्याच्या डायर स्ट्रेट्स या रॉक बँडवर वाढलेली मंडळी २००५ मध्ये त्याला मुंबईत ऐकून आली आणि पुढच्याच वर्षी त्याचा एमिलूबरोबरचा ‘ऑल द रोडरनिंग’ आला. रॉडनी क्रोवेल या गायक-गीतकाराचं नाव मात्र इथे फारसं पोचलंच नाही. त्याचे एमिलूबरोबर दोन अल्बम आहेत : ‘ओल्ड यलो मून’ (२०१३) आणि ‘द ट्रॅव्हलिंग काइंड’ (२०१५). कंट्री रॉक (अमेरिकेच्या ग्रामीण वळणाची गाणी आणि रॉक यांचं मिश्रण) नव्याने ऐकायला घेताय, किंवा रेकॉर्ड विकत घ्यायची आहे आणि पैसे एकीपुरतेच आहेत, तर या तिन्हींपैकी कुठली? माझं मत आधीच सांगतो. नॉफ्लरबरोबरचा अल्बम सगळ्यांत लवकर आवडतो, पण क्रोवेलबरोबरचा दुसरा अल्बम सगळ्यांत जास्त काळ सोबत राहतो.

‘ऑल द रोडरनिंग’पासून सुरुवात करू. हा अल्बम एका दमात झालेला नाही. दोघांना वेळ मिळेल तसं सुमारे सात वर्षांत थोडंथोडं ध्वनिमुद्रण होत गेलं. तरी ऐकताना कुठे ठिगळ दिसत नाही, कारण बारापैकी दहा गाणी नॉफ्लरची आहेत आणि मुख्य गिटार पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याचीच आहे. पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) न वापरता नुसत्या बोटांनी छेडलेली ती गिटार दोन ओळींच्या मधल्या जागेत हळूच काहीतरी बोलून जाते. ज्यांना ती ओळखीची आहे त्यांना पहिल्या गाण्यातच घरी आल्यासारखं वाटेल.

इथलं ‘धिस इज अस’ मला फार आवडतं. एक जोडपं जुने फोटो चाळत बसलंय, हा अमुक ठिकाणचा, ही तमुक वेळची गंमत, एवढाच त्याचा विषय. ठेका उडता आहे, शब्द साधे आहेत, आणि तीन-चार मिनिटांत एक अख्खा संसार डोळ्यांसमोर उभा राहतो. ‘रेड स्टॅगरविंग’मध्ये दोघं आळीपाळीने गातात. मी अमुक असतो तर, मी तमुक असते तर, असं विमानापासून गिटारपर्यंत एकेक कल्पना लढवत जातात. आपल्या तमाशातल्या सवाल-जवाबाची चटक असलेल्याला ते लगेच भावेल. आणि शेवटचं ‘इफ धिस इज गुडबाय’. ११ सप्टेंबर २००१ ला जळत्या टॉवरमध्ये अडकलेल्यांनी घरच्यांना जे शेवटचे फोन केले, त्यांच्यावरचं हे गाणं. त्यात ना मोठा आवाज आहे ना राग. निरोपाला उरलेल्या थोड्याशा वेळात माणूस काय बोलेल, तेवढंच त्यात आहे. हे एक गाणं ऐकायला म्हणूनही अल्बम घ्यावा.

माझी अडचण वेगळी आहे. एमिलू इथे पाहुणी आहे. मान भरपूर आहे, पण घर नॉफ्लरचं. तिची म्हणावीत अशी गाणी दोनच, ‘लव्ह अँड हॅपिनेस’ आणि ‘बेल स्टार’. त्यातलं पहिलं किमी ऱ्होड्स या गायिका-गीतकाराबरोबर लिहिलेलं. २००० साली ‘रेड डर्ट गर्ल’सारखा जवळजवळ सगळाच स्वतः लिहिलेला अल्बम देऊन गेलेल्या बाईकडून दोनच गाणी! शिवाय नॉफ्लरचा स्वर पुटपुटल्यासारखा, जमिनीलगतचा. त्याच्याशी मेळ घालायला ती पुष्कळ ठिकाणी आपला आवाज आवरून धरते. ते सुंदर होतं, नाही असं नाही. पण तिच्यात काय ताकद आहे ते इथे कळत नाही.

ते कळायला क्रोवेलकडे यावं लागतं, आणि तिथे आधी थोडा इतिहास हवा. एमिलूला गाण्यात पुढे आणलं कंट्री रॉक गायक ग्रॅम पार्सन्सने. १९७३ मध्ये तो अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेला आणि ती एकटी पडली. १९७५ च्या तिच्या ‘पीसेस ऑफ द स्काय’चं पहिलंच गाणं होतं ‘ब्लूबर्ड वाइन’, ह्यूस्टनहून आलेल्या, तोवर कुणाला फारसा माहीत नसलेल्या एका तरुणाचं. तोच क्रोवेल. त्याच सुमारास तो तिच्या हॉट बँडमध्ये गिटार वाजवायला आणि मागे सूर धरायला आला. पुढे त्याने स्वतःचं नाव केलं. १९८८ च्या ‘डायमंड्स अँड डर्ट’मधली त्याची ओळीने पाच गाणी अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. म्हणजे २०१३ मध्ये आलेला जोडीचा अल्बम करायला हे दोघं बसले तेव्हा ओळख जवळपास चाळीस वर्षांची होती. एकाने श्वास कुठे घेतला की दुसऱ्याने ओळ कुठे उचलायची, हे त्यांना बघून ठरवावं लागत नाही.

‘ओल्ड यलो मून’ची निर्मिती ब्रायन अहर्नची, ‘पीसेस ऑफ द स्काय’ची होती त्याचीच. हॉट बँडमधले काही जुने वादकही आहेत. जुन्या मंडळींचं हे एकत्र येणं ऐकायला प्रसन्न वाटतं. ‘ब्लूबर्ड वाइन’ पुन्हा आहे. कंट्री गायक जॉनी कॅशने गायलेलं क्रोवेलचं ‘बुल रायडर’ही आहे. माझ्या मते मात्र या अल्बमचं मोल गीतकार मट्रेसा बर्गच्या ‘बॅक व्हेन वी वेअर ब्यूटिफुल’ या गाण्यात आहे. एक म्हातारी बाई आपल्या तरुणपणाबद्दल बोलते आहे. वय तुम्हाला शोभतं असं लोक तिला म्हणतात आणि तिला ते अजिबात आवडत नाही, कारण ती त्या वयाशी रोज भांडते. साठी ओलांडलेल्या एमिलूच्या आवाजातली किंचित खरखर इथे त्या बाईचीच होऊन जाते. पंचविशीतल्या गायिकेला हे गाणं सूर लावूनही जमलं नसतं.

या अल्बमला २०१४ मध्ये अमेरिकाना (अमेरिकन लोकसंगीताच्या मुळांवरची गाणी) विभागाचं ग्रॅमी मिळालं. म्हणून बरेच जण आधी हाच घ्या म्हणतात. मी नाही म्हणणार. बारापैकी चार गाणी क्रोवेलची, बाकी सगळी इतरांची, आणि एमिलूचं एकही नाही. दोन मोठे गायक एकत्र आलेत हे पुरेपूर जाणवतं, दोन गीतकार एकत्र आलेत हे नाही.

ती उणीव ‘द ट्रॅव्हलिंग काइंड’ भरून काढतो. अकरापैकी सहा गाणी दोघांनी मिळून लिहिलेली, काहींत तिसऱ्याचा हातभार. निर्माता जो हेन्री. वादकांना एकत्र बसवायचं आणि गाणं रंगात असताना ते टिपायचं, ही त्याची कामाची रीत. त्यामुळे अहर्नच्या रेखीव ध्वनीपुढे हा थोडा ओबडधोबड वाटेल. मला तो जास्त जिवंत वाटतो. शीर्षकगीतात गाणं लिहिणाऱ्या, वाटेवरच्या माणसांची आठवण आहे, लवकर गेलेल्यांची आणि मागे राहिलेल्यांची. ग्रॅम पार्सन्सचं नाव न घेताही तो तिथे असल्यासारखा वाटतो. ‘यू कान्ट से वी डिडन्ट ट्राय’मध्ये वेगळं होणारे दोघं एकमेकांना दोष देत नाहीत, आपण प्रयत्न केला एवढं कबूल करतात. हे गाणं एकट्या आवाजात गाऊन बघा, तक्रार होईल. दोघांनी गायलं की समजूत होते. जोडीच्या अल्बमला माझी कसोटी हीच : एक आवाज काढला तर गाणं कोसळतं का? इथे कोसळतं. ‘रोडरनिंग’मध्ये निम्मी गाणी तरी नॉफ्लर एकट्याने पेलू शकला असता.

‘नो मेमरीज हँगिंग राउंड’ही इथे आहे. क्रोवेलचंच हे गाणं १९७९ मध्ये गायिका रोझान कॅशने गायक बॉबी बेअरबरोबर गायलं होतं. शेवटी ‘ला डान्स द ला ज्वा’ हे लुइझियानातल्या फ्रेंच वंशाच्या केजन लोकांच्या ढंगाचं गाणं येतं आणि बैठक मोडून नाचायला लावतं. ‘द वेट ऑफ द वर्ल्ड’ मला थोडं उपदेशाकडे झुकल्यासारखं वाटतं. ते गाळलंत तरी चालेल.

आता निवड. इंग्रजी गाण्यांचे शब्द चटकन कानात बसत नसतील, गिटार ऐकायची असेल किंवा लांबच्या प्रवासात गाडीत लावायला हवं असेल, तर ‘ऑल द रोडरनिंग’ घ्या, पस्तावणार नाही. पेडल स्टील या आडव्या गिटारचा लांबट सूर, जुन्या वळणाची कंट्री आणि कसलेले वादक हवे असतील तर ‘ओल्ड यलो मून’. शब्द समोर घेऊन, हेडफोन लावून शांतपणे ऐकायची सवय असेल, आणि दोन लिहिणारे एकत्र बसले की काय होतं हे बघायचं असेल, तर थेट ‘द ट्रॅव्हलिंग काइंड’ घ्या. पहिल्यांदा ऐकताना चाली फार ठसणार नाहीत. आठवडाभराने पुन्हा लावा. आणि रेकॉर्डचे पैसे मोजायच्या आधी ‘इफ धिस इज गुडबाय’ आणि ‘यू कान्ट से वी डिडन्ट ट्राय’ ही दोन गाणी लागोपाठ ऐका. जे दुसऱ्या दिवशी आपणहून पुन्हा लावावंसं वाटेल, त्याचा अल्बम मागवा.