इलास्टोमरचा चुरा झालाय: जुन्या फोर्कमध्ये पीयू, स्प्रिंग की थेट रिजिड फोर्क?

नव्वदच्या दशकातली माउंटन बाइक पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर फ्रेम सहसा दगा देत नाही, पुढचं चाक धरून धक्के झेलणारा फोर्क देतो. रॉकशॉक्स कंपनीचा क्वाड्रा किंवा पहिल्या काळातला जुडी हा फोर्क उघडून बघा. आत जिथे एकावर एक रचलेले इलास्टोमरचे (रबरासारख्या लवचीक पदार्थाचे) ठोकळे होते, तिथे चिकट लगदा सापडेल. हे फेसाळ पॉलियुरेथेन दमट हवेत हळूहळू विघटित होतं, सायकल उभी असली तरी.

त्याजागी सगळ्यात आधी सुचतो पीयू रॉड, म्हणजे पॉलियुरेथेनचा भरीव दांडा. औद्योगिक रबराच्या दुकानात सहज मिळतो, लेथवाला मापात कापून देतो, खर्चही किरकोळ. तरीही मुख्य स्प्रिंग म्हणून मी तो सुचवणार नाही. मूळ ठोकळ्यात हवेचे बुडबुडे असतात, त्यामुळे दाबल्यावर तो स्वतःतच आक्रसतो. भरीव पीयू आक्रसत नाही, बाजूला फुगतो. नळीत फुगायला जागा नसली की फोर्क तिथेच अडकतो. व्यास दोन-तीन मिलिमीटर कमी ठेवला तर थोडा हलतो, पण लवकरच दगड होतो. शेवटचा धक्का झेलणारा बंपर म्हणून मात्र त्याचा तुकडा उत्तम.

स्टीलची स्प्रिंग खरी टिकाऊ. ती बनवून घेताना ‘जरा जाड तार घाला’ असं मोघम सांगू नका. कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो: बाकी मापं तीच ठेवून ४ मिमीऐवजी ४.४ मिमी तार घेतली तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते. वेढे गुणिले तारेची जाडी, म्हणजे पूर्ण दाबलेली लांबी, हीसुद्धा तपासा. फोर्कचा प्रवास, म्हणजे तो जास्तीत जास्त जितका दबतो ते अंतर, संपण्याआधी वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. खडखडाट टाळायला ग्रीस लावा.

पण खरा निर्णय फोर्कमध्ये तेलाचा डँपर (उसळी आवरणारा भाग) आहे की नाही यावर होतो. इलास्टोमर धक्क्यातली थोडी ऊर्जा स्वतः गिळतो, स्प्रिंग जवळजवळ सगळी परत फेकते. जुडीत हायड्रॉलिक कार्ट्रिज, म्हणजे तेलाच्या डँपरची बंद नळी, असतं. ते गळत नसेल तर स्प्रिंगच घाला. क्वाड्रात सहसा तेल नसतं, त्यामुळे नुसत्या स्प्रिंगवर खडकाळ उतारावर हँडल उसळत राहील. तिथे फेसाळ इलास्टोमरचा तयार संच मिळाला तर तोच घ्या, नाहीतर रिजिड, म्हणजे अजिबात न दबणारा फोर्क.

रिजिड फोर्क घेताना जुन्या फोर्कची एक्सलच्या मध्यापासून हेडसेटची (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगची) खालची रिंग बसते तिथपर्यंतची उंची मोजा. तो स्वाराच्या वजनाने जितका खाली बसायचा तेवढी त्यातून वजा करा आणि त्या उंचीचा फोर्क शोधा. २० मिमी फरक पडला की हेड अँगल (हेडट्यूबचा, म्हणजे फोर्क बसतो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीचा कल) साधारण एक अंशाने बदलतो. रिम ब्रेक असतील तर त्यांचे बॉस, म्हणजे ब्रेक बसवायच्या खुंट्या, फोर्कवर हवेत. आजचा १०० मिमी प्रवासाचा फोर्क ६० मिमीसाठी बनलेल्या फ्रेमला लावू नका. पुढचा भाग उचलला जातो आणि हेडट्यूबवर ताण वाढतो.

क्राउन (दोन्ही पाय जोडणारा भाग), स्टिअरर (हेडट्यूबमधली नळी) किंवा ड्रॉपआउटवर (एक्सल बसते ती खाच) तडा दिसला, तर यातला कुठलाच जुगाड नको. तो फोर्क भंगारात घाला.