इंग्रजीच्या बोली शिकायच्यात, तर एडिंबरा की न्यूकॅसल?

मागच्या महिन्यात नाशिकच्या कॉलेज रोडवर मामेबहिणीची एक मैत्रीण भेटली, इंग्लिशमध्ये एमए झालेली. तिच्यापुढे दोन पर्याय होते, एक स्कॉटलंडमधल्या एडिंबराचा, एक उत्तर इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा, आणि प्रश्न एवढाच की इंग्रजीच्या बोली शिकायच्यात तर जाऊ कुठे. मी दोन्हीकडे राहून आलोय, आधी एडिंबरात चार आठवड्यांचा समर कोर्स आणि दोन वर्षांनी न्यूकॅसलला एक सेमिस्टर, म्हणून तिला तासभर जे सांगितलं तेच इथे लिहितो, अजून कोणाला उपयोगी पडलं तर बरंच. आयईएल्टीएस, फी, बँक स्टेटमेंट हे सगळं एजंट सांगतोच त्यामुळे ते सोडून देतो, फक्त एक ध्यानात ठेवा की सहा महिन्यांच्या आतला कोर्स व्हिजिटर व्हिसावर करता येतो पण मग तिथे काम करता येत नाही, खिशातले पैसे शेवटपर्यंत पुरले पाहिजेत.

आधी एडिंबरा. अभ्यासाची सामग्री म्हणाल तर या शहराला तोड नाही असं मला वाटतं. स्कॉटलंडच्या बोलींचं सर्वेक्षण १९४९ साली तिथल्याच विद्यापीठात सुरू झालं, १९५१ मध्ये स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज उभी राहिली, आणि स्कॉट्स या तिथल्या, इंग्रजीच्या जवळच्या भाषेचा अख्खा ऐतिहासिक शब्दकोश आज ऑनलाइन फुकट बघता येतो. त्यात तिथे बोली की भाषा हा वाद अगदी जिवंत आहे. २०११ च्या जनगणनेत पंधरा लाखांवर लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असं लिहून दिलं, आणि रस्त्यात विचारलं तर त्यातलेच काहीजण म्हणतील छे, ती काय भाषा आहे, आम्ही बिघडलेलं इंग्रजी बोलतो. हे ऐकलं की मला सटाण्याची आठवण यायची, आमच्याकडे अहिराणीबद्दल लोक हेच बोलतात, अगदी याच शब्दांत.

आणि आपल्या कानाला एडिंबरा सोपंही जातं. तिथले लोक कार, पार्क, वर्ड यातला र नीट उच्चारतात, आपण शाळेत शिकलो तसाच, त्यामुळे दोन दिवसांत वाटायला लागतं की अरे, मला तर सगळं कळतंय. मला तेव्हा फार आनंद झाला होता, पण खरी अडचण तिथेच होती हे नंतर कळलं.

आम्हाला असाइनमेंट होतं, स्थानिक माणसाचं दहा मिनिटांचं सहज बोलणं रेकॉर्ड करायचं, अर्थात परवानगी घेऊन. मी तीन आठवडे हिंडलो. दुकानात गेलो, लीथच्या बाजूला गेलो, बागेत बसलेल्या आजोबांशी बोललो, सगळी माणसं इतकी चांगली की विचारू नका, पण मी तोंड उघडलं रे उघडलं की समोरचा माणूस बदलायचा. हळू बोलायचा, स्पष्ट बोलायचा, 'केन' (म्हणजे माहीत असणं) म्हणता म्हणता थांबून इंग्रजीतलं 'नो' (know) म्हणायचा. हॉस्टेलवर परत यावं तर किचनमध्ये सहाजण सहा देशांचे, स्कॉटलंडचा एकही नाही, मग आम्ही सगळे तेच गुळगुळीत इंटरनॅशनल इंग्रजी बोलत पास्ता शिजवायचो. शेवटी माझ्या रेकॉर्डिंगमध्ये जे आलं ते मला नाशकात बसून यूट्यूबवर मिळालं असतं.

यात त्यांचा काही दोष नाही हो. माझी आजी सटाण्याच्या घरात 'काय करी ऱ्हायना रे' म्हणून हाक मारायची आणि दारात मास्तर दिसले की त्याच श्वासात 'या, बसा, चहा घेणार का' सुरू. पाहुण्यासमोर माणूस घरचं बोलणं आत ठेवतो, मान म्हणून ठेवतो. लबॉव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने हेच मांडून ठेवलंय, की कोणी बघत नसताना माणूस कसा बोलतो ते आपल्याला हवं असतं पण बघितल्याशिवाय ते मिळत नाही. पुस्तकात मी हे परीक्षेपुरतं वाचलं होतं, त्या चार आठवड्यांत ते रोज अंगावर आलं, आणि बोली शिकायला पैसे भरून गेलेल्या माणसाला याच्याइतका त्रास दुसऱ्या कशाचाच होत नाही, थंडीचाही नाही, निफाडच्या जानेवारीत राहिलेल्याला तिथली थंडी निभावता येते.

म्हणून न्यूकॅसलला जाताना मी हॉस्टेल घेतलंच नाही, होमस्टे घेतला. घरमालकीणबाई साठीच्या, नवरा रिटायर झालेला पण आठवड्यातून दोन दिवस कुठेतरी कामाला जाणारा. पहिला आठवडा तिथेही तेच, माझ्याशी सगळे हळूहळू. मग एका शनिवारी बाईंची बहीण आली आणि दोघी स्वयंपाकघरात सुरू झाल्या, मी टेबलाशी बसून बटाटे सोलत होतो आणि मला अर्धा तास जवळजवळ काहीही कळलं नाही, इतका आनंद मला त्या अख्ख्या देशात दुसऱ्या कशाचा झाला नाही. 'गो' नाही, 'गॅन', जुन्या इंग्रजीत जाण्यासाठी हाच शब्द होता. 'होम' नाही, 'येम'. 'डोन्ट'च्या जागी 'डिव्हंट'. एकटी बाई स्वतःसाठी काही मागतेय आणि म्हणतेय 'गिव्ह अस', म्हणजे आम्हाला दे. काका सकाळी निघताना 'वर्क' म्हणायचे ते मला 'वॉक' ऐकू यायचं आणि मी पंधरा दिवस समजत होतो की हे फिरायला चाललेत.

घराबाहेरही मला तिथे जास्त मिळालं. ग्रेंजर मार्केट म्हणून १८३५ चा झाकलेला बाजार आहे, त्यात भाजीवाला आणि खाटीक पलीकडच्या दुकानाशी मोठ्याने बोलत असतात, आपल्या भद्रकालीच्या बाजारात चालतं तसं, तुमच्यासाठी कोणी आवाज बदलत नाही कारण ते तुमच्याशी बोलतच नसतात. बस स्टॉपवर अनोळखी माणूस आपण होऊन गप्पा मारतो, 'पेट' म्हणून, म्हणजे लाडाने, हाक मारतो. जवळच संडरलंड, तिथली बोली वेगळी आणि ती वेगळी आहे हे दोन्हीकडचे लोक तावातावाने सांगतात. ॲशिंग्टनकडे कोळसा खाणीतल्या माणसांच्या बोलीला पिटमॅटिक म्हणतात, मी होतो तेव्हा तिकडे बसने जावं लागायचं, आता डिसेंबर २०२४ पासून साठ वर्षांनी पॅसेंजर ट्रेन पुन्हा सुरू झालीय. म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात बोली बदलते, नाशिकहून पेठ-सुरगाण्याकडे नाहीतर मालेगावकडे गेल्यासारखं. आणि अभ्यासाची सामग्री तिथेही कमी नाही, टायनसाइडच्या, म्हणजे न्यूकॅसलच्या आसपासच्या नदीकाठच्या लोकांची १९६० च्या दशकाच्या शेवटापासूनची रेकॉर्डिंग न्यूकॅसल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, आजोबांच्या पिढीचं बोलणं आणि नातवाचं बोलणं शेजारी ठेवून ऐकता येतं.

आता कोणी म्हणेल की ही शहरांची तुलना नाहीच, हॉस्टेल आणि होमस्टेची आहे. बरोबर आहे, काही अंशी. शिवाय मी एडिंबरात ऑगस्टमध्ये होतो, फेस्टिव्हलची गर्दी, शहरात स्थानिक कमी आणि पाहुणे जास्त, नोव्हेंबरात एखाद्या स्कॉटिश कुटुंबात राहिलो असतो तर कदाचित आज उलटं लिहिलं असतं. आणि तुमचा ओढा जुनी कागदपत्रं, शब्दकोश, बर्न्स या स्कॉटिश कवीची कविता, भाषेचा राजकीय दर्जा याकडे असेल तर एडिंबराच घ्या, मी अडवणार नाही, त्या बाबतीत न्यूकॅसल मागे पडतं. पण कान तयार करायचा असेल, पुढे आपल्याकडे येऊन अहिराणी नाहीतर डांगीवर काम करायचं मनात असेल, तर मला तरी न्यूकॅसल जवळचं वाटतं. एडिंबरा तिथून ट्रेनने दीड तासावर आहे, मी सेमिस्टरमध्ये तीनदा जाऊन ग्रंथालयात बसून आलो, ते जमतं. उलट बाजूने दीड तासाच्या ट्रेनने जाऊन कोणाच्या स्वयंपाकघरात बसता येत नाही.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं की ऑफर घेण्याआधी दोन्हीकडे मेल टाक आणि विचार, होमस्टे मिळेल का, घरातली माणसं त्याच भागात वाढलेली आहेत का, आणि घरात दुसरे विद्यार्थी किती. एका ठिकाणाहून दोन दिवसांत उत्तर आलं, दुसरीकडून अजून यायचंय. होमस्टेचा फॉर्म लवकर भरा, चांगली घरं आधी जातात, आणि व्हेज लिहिणार असाल तर मासा चालत नाही हे वेगळं लिहा, मी लिहिलं नव्हतं आणि पहिल्या रात्री बाईंनी फार प्रेमाने फिश पाय केला होता.