गच्चीवरचा ट्रायपॉड: पाय भक्कम, नटबोल्ट टाकाऊ

तीन फुटी गॅल्वनाइज्ड ट्रायपॉड, त्यात पाइप, पाइपवर वेदर स्टेशन, म्हणजे पाऊस-वारा मोजून मोबाइलच्या ॲपवर दाखवणारं यंत्र. मोजमापं सगळ्यांनी विक्रीच्या पानावर वाचलेली असतात, ती परत लिहीत बसत नाही. मला बोलायचंय ते नटबोल्टांबद्दल. ऐरोलीत खाडीच्या अंगाला आमची बिल्डिंग आहे. मार्चपासून हा ट्रायपॉड तिथल्या गच्चीवर उभा आहे आणि अख्खा पावसाळा त्याने काढलाय.

निमित्त घडलं ऑक्टोबरमध्ये. संध्याकाळी ढग दाटून आले, वारा सुटला, वाळत घातलेले कपडे उडाले आणि पाऊस मात्र खाडीपलीकडे मुलुंडलाच राहिला. खाली रस्ता कोरडा ठणठणीत, आणि ॲपमध्ये आमच्याकडे पाऊस चालू! पर्जन्यमापकाच्या आत सी-सॉसारखी एक छोटी बादली असते. ठरावीक पाणी भरलं की ती कलंडते आणि दर कलंडण्याला, मॉडेलप्रमाणे, ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरच्या आसपास पाऊस मोजला जातो. खांब थरथरला तर ती पाणी नसतानाही कलंडते. वर जाऊन पाइप धरून हलवला, तर स्टेशन आपल्या जागी घट्ट होतं. खुळखुळत होता तो ट्रायपॉड.

पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे बोल्ट पाहिले. आठ एमएमचे, मार्चमध्ये पिवळसर चकचकीत होते. आता नट आणि बोल्ट मिळून गंजाचा एकच गोळा झालेला. एका ठिकाणी स्प्रिंग वायसर तुटून त्याचा अर्धा तुकडा खाली फरशीवर पडला होता. पट्टी सैल, पण नट ना पुढे जाई ना मागे. गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, सकाळी पान्याने जोर लावला तर नटाचे कोपरेच गोल झाले. शेवटी ग्राइंडरने कापून काढावे लागले. पायांकडून खाली चायना चिप्सवर (गच्चीवरच्या टाइल्सच्या तुकड्यांच्या फरशीवर) तपकिरी ओघळ आलेत ते वेगळेच, ॲसिड मारूनही पूर्ण गेले नाहीत.

आणि चीड येते ती यासाठी, की बाकी ट्रायपॉड उत्तम आहे. पाय हॉट-डिप केलेले आहेत, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले. अशा कामात जाड लोखंडावर ८५ मायक्रॉनच्या आसपास थर बसतो. मी मिश्रीएवढासुद्धा गंज पायांवर शोधून दाखवू शकणार नाही. बोल्टांना मात्र विजेने चढवलेला जस्ताचा मुलामा, तो सहसा पाच-दहा मायक्रॉनचा. खाडीवरून पश्चिमेचा खारा वारा, पूर्वेला एमआयडीसी, चार महिने ओल. तिथे तो मुलामा किती टिकणार? पायांवर खर्च करून बोल्टांत वाचवले किती, तर शे-दोनशे रुपये.

बसवतानाची कथा थोडक्यात सांगतो. बॉक्समध्ये अँकर फास्टनर येतात, म्हणजे गच्चीत भोकं पाडणं आलं. आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग नवीन, कंत्राटदाराची गॅरंटी चालू. सेक्रेटरीकाका म्हणाले, "एक भोक पाडलंस तर चौथ्या मजल्याची गळती तुझ्या नावावर लिहीन." त्यात १३ मे २०२४ च्या वादळात घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, तेव्हापासून कमिटीला गच्चीवर साधी काठी उभी केलेली चालत नाही. त्यांची भीती काही खोटी नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे मुंबई भागासाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. हा आकडा धरून दोन मीटरचा पाइप आणि वरच्या स्टेशनचा हिशोब कागदावर केला, तर ट्रायपॉड उलटू नये म्हणून सत्तर-ऐंशी किलो वजन लागत होतं.

मग भोकं न पाडता वजनावर उभा केला. रबाळ्याच्या फॅब्रिकेटरकडून अँगलची चौकट करून घेतली आणि प्रत्येक पायाशी सिमेंटचे चार क्यूब ठेवले. हे क्यूब म्हणजे साइटवर काँक्रीट तपासायला भरतात ते, १५० एमएमचे. एकेक आठ किलोला थोडा वर. ओळखीच्या साइटवर उरलेले पडून होते, फुकट मिळाले. चौकटीखाली जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे टाकले, म्हणजे चिप्सना ओरखडा नाही. इतकं सगळं होऊनही चौकटीचा खर्च ट्रायपॉडच्या निम्म्यावर गेला. विकणाऱ्यांनी तीन सपाट ट्रे दिले असते तर हा उपद्व्याप वाचला असता. पण उभा राहिल्यावर जागचा इंचभर सरकला नाही, हे कबूल. जूनच्या पहिल्या आठवड्यात तर मी येईल-जाईल त्याला याचं कौतुक सांगत होतो.

पाइपाची भानगड विकत घेणाऱ्यांनी नीट वाचा. बॉक्सवर लिहिलंय दीड इंची पाइप बसतो. नळाच्या दुकानातला दीड इंची जीआय पाइप बाहेरून ४८ एमएम भरतो, तो कॉलरमध्ये, म्हणजे ट्रायपॉडच्या पाइप धरणाऱ्या कड्यात, शिरतसुद्धा नाही. सव्वा इंचीही ४२ चा, तोही नाही. कॉलर आहे ३८ ची. एक इंची बी क्लास, निळ्या पट्ट्याचा घ्या. बाहेरून ३३.७ भरतो, तीन बाजूंचे स्क्रू सारखे आवळले की मधोमध बसतो. बॉक्सवर एमएममध्ये आकडा छापायला किती शाई लागते?

आता कंपनीची सर्व्हिस. गंजाचे फोटो पाठवले, उत्तर आलं की पृष्ठभागावरचा गंज वॉरंटीत येत नाही. फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात विचारते, "सर, आपण खाडीजवळ राहता का?" म्हटलं, ताई, ऐरोलीचा पिनकोड टाकून तुम्हीच माल पाठवलाय. त्यावर नटबोल्टचं किट विकत घ्या, कुरिअर वेगळं, असा सल्ला. मी वायसरच्या तुटक्या तुकड्याचा फोटो पाठवला, वॉरंटी कार्डावरचं "सर्व हवामानात टिकाऊ" हे वाक्य लाल गोल करून पाठवलं, आणि ग्राहक आयोगाचं नाव काढलं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि एक तारा देणार होतो. मध्ये कंपनीचं पार्सल आलं, किट फुकट, कुरिअरही त्यांचंच. म्हटलं चला, आता तीन तारे. पुडी फोडली तर आत तेच पिवळे बोल्ट. मुलामाही तोच. पुन्हा दोन.

त्याआधीच मी ठाणे स्टेशनजवळच्या दुकानातून स्टेनलेसचे बोल्ट आणि नायलॉकचे नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) आणले होते, चारशेच्या आत काम झालं. खाऱ्या हवेला ३१६ ग्रेड चांगला, त्यात गंजाला अडवणारं मॉलिब्डेनम असतं. पण त्याचा भाव ऐकून ३०४ वरच थांबलो. त्यावर थोडे तपकिरी डाग येतील, येऊ देत, बोल्ट सडणार नाही. दोन वेगळे धातू एकत्र आले की गंज वाढतो, असं कुणी सांगेल. बोल्ट एवढासा आणि जस्ताचा पाय एवढा मोठा असताना तो त्रास नगण्य असतो. आवळताना आट्यांना ग्रीस मात्र लावा, स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडा फिरवला की मध्येच चिकटून बसतो. त्यानंतर वारा कितीही सुटला तरी ॲपमध्ये खोटा पाऊस नाही.

आणखी दोन गोष्टी. पाइप सोसायटीच्या लाइटनिंग अरेस्टरच्या टोकापेक्षा खालीच ठेवा, आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर "तुझा आकडा पेपरशी जुळत नाही" म्हणणाऱ्यांना सांगा, की हवामान खातं सकाळी साडेआठ ते साडेआठ पाऊस मोजतं, आपलं ॲप रात्री बाराला शून्यावर येतं. शिवाय गच्चीवर वारा जास्त, त्यामुळे पाऊस थोडा कमीच भरतो.

पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन, कारण याच्या भावात असे पाय दुसरीकडे दिसले नाहीत. फक्त बॉक्स उघडायच्या आधी स्टेनलेसचे बोल्ट आणून ठेवीन. कंपनीची ती फुकटची पुडी तशीच पडून आहे. कुणाला घरातल्या घरात शेल्फबिल्फ ठोकायला हवी असेल तर सांगा, कुरिअरचे पैसे तुमचे.