रीपर: गाणं पळतंय की रांगतंय, कारण तरी सापडतं

रीपर हे कॉम्प्युटरवर गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर. आधी कोणासाठी लिहितोय ते सांगतो. सिंधुदुर्गात घरच्या घरी भजनं, नाटकातली पदं, गणपतीची गाणी रेकॉर्ड करणारी आमच्यासारखी बरीच पोरं आहेत, एक लॅपटॉप, एक यूएसबी इंटरफेस (माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा डबा), दोन माईक आणि पंखा बंद करून घामाघूम होत घेतलेले टेक. त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. मोठ्या स्टुडिओवाल्यांनी पुढे सरका.

रीपरला मी मार्क देतो ते मुख्यतः एकाच गोष्टीवर. गाणं चुकीच्या स्पीडने वाजायला लागलं की घोळ कुठे आहे ते इथे बघता येतं. बाकी काही सॉफ्टवेअर सगळं आपोआप करून देतात, छान वाटतं, पण बिघडलं की कुठे हात घालायचा तेच कळत नाही.

आमच्याकडे हा त्रास सगळ्यात आधी पकडतात ते बुवा, म्हणजे भजनाचे मुख्य गायक. एका मंडळाचा गजर काळी एक या पट्टीत घेतलेला, ऐकवला तर बुवा म्हणतात, "मेल्या, माझी पेटी काळी एकची, ह्यां खंयचां?" आणि खरंच पेटीवर कुठेच बसेना, पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळतंय. ही खूण लक्षात ठेवा. सूर वर गेलाय, लयही वाढलीय, आणि सूर कुठल्याच पट्टीला धड लागत नाही, म्हणजे बहुतेक ४४१०० आणि ४८००० चं भांडण. हे सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा. सीडी १९८२ ला आली ती ४४१०० घेऊन, व्हिडिओवाले ४८००० वर, आणि आपण दोघांच्या मधे. ४४१०० चा आवाज ४८००० च्या घड्याळावर वाजला की साधारण ९ टक्के फास्ट होतो, सूर दीड पट्टीला किंचित कमी इतका वर चढतो, आणि चार मिनिटांचा गजर ३ मिनिटं ४० सेकंदांत उरकतो. उलटं झालं तर बुवा थकल्यासारखे गातात.

आता गंमत अशी की नुसती ४४१०० ची फाईल ४८००० च्या प्रोजेक्टमध्ये टाकली म्हणून असं होत नाही, रीपर ती स्वतः रिसॅम्पल करून, म्हणजे प्रोजेक्टच्या रेटला बदलून, बरोबर स्पीडने वाजवतं. मग भानगड कुठे? एक सोपी टेस्ट आहे, मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या आणि प्ले दाबा. रीपरचा कर्सर ६० सेकंदांवर पोचला तेव्हा मोबाईलवर ५५ च झालेत? मग फाईलचा काही दोष नाही, इंटरफेसचं घड्याळच वेगळं पळतंय, सॉफ्टवेअर समजतंय एक आणि इंटरफेस चालतोय भलत्याच रेटवर. कर्सर ६० ला ६० आहे आणि तरी गाणं पळतंय, तर दोष त्या फाईलमध्ये किंवा तिच्या सेटिंगमध्ये. या एका टेस्टने अर्धं डोकं शांत होतं.

घड्याळाचा घोळ असेल तर रीपरच्या मेनूबारमध्ये उजव्या कोपऱ्यात बघा, चालू सॅम्पल रेट, बफर सगळं तिथे छापलेलं असतं, त्याच्यावर क्लिक केलं की थेट ऑडिओ डिव्हाईसचं पान उघडतं. तिथे हवा तो सॅम्पल रेट स्वतः मागून घ्या, विंडोजच्या साऊंड सेटिंगमधला डिफॉल्ट फॉरमॅट पण तोच ठेवा, आणि ब्राउझर बंद करा, कारण मागे व्हिडिओ चालू असेल तर काही स्वस्तातले इंटरफेस त्याचाच रेट धरून बसतात (माझ्याकडचा एक असाच होता, नाव घेत नाही, तो आता कपाटात आहे). ब्लूटूथ हेडफोन लावून मिक्सिंग करणाऱ्यांना तर हात जोडले, त्याचा माईक चालू झाला की आवाज १६००० वर नाहीतर ८००० वर येतो आणि मग सगळंच टेलिफोनमधून आल्यासारखं.

फाईलचा घोळ असेल तर आयटम (ट्रॅकवरचा तो आवाजाचा तुकडा) निवडून एफ-२ दाबा. प्लेबॅक रेट १ आहे का बघा. कधी कधी दुसऱ्याने पाठवलेल्या फाईलवर लेबल ४४१०० चं आणि आतला माल ४८००० चा असतो, ती रांगत वाजते, तिथे रेट १.०८८४ टाका आणि "प्रिझर्व्ह पिच" ची टिक काढा, झालं. टिक तशीच ठेवली तर लय सुधारेल पण सूर खालीच राहील. आणि हो, ट्रान्सपोर्टवर (प्ले-स्टॉपची बटणं असतात तिथे) रेटची एक वेगळी सरकपट्टी असते, माऊसचं चाक तिच्यावर चुकून फिरलं की अख्खं प्रोजेक्ट हळू नाहीतर फास्ट, राइट क्लिक करून १.० वर आणायची.

सूर बरोबर आहे पण लय बदललीय, हा प्रकार वेगळा, आणि इथे रीपरवर माझा राग आहे. डिफॉल्ट टाइमबेस बीट्सचा असतो, म्हणजे टेम्पो बदलला की रेकॉर्ड केलेला आवाजही ताणला जातो. क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, गाणी बनवणाऱ्यांना ठीक आहे हो, पण डबलबारीत (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात) बुवा काय क्लिक ऐकत गातात? अभंग संथ सुरू होतो आणि गजराला पोचेपर्यंत पखवाज कुठच्या कुठे गेलेला असतो. तेव्हा नवीन प्रोजेक्ट उघडलं की आधी ऑल्ट-एंटर, टाइमबेस "टाइम" वर, आणि मगच माईक लावायचे. ताणायचंच असेल तर आत इलास्टिक नावाचं इंजिन आहे, आवाजाला चांगलं, पेटीलाही बरं, पण पखवाज जास्त ताणलात तर थापेचा कडकपणा जातो, टेक परत घ्या सरळ.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो जुन्या कॅसेटसाठी. आमच्या हवेत कॅसेट डेकचे रबरी पट्टे फार टिकत नाहीत, सैल होतात नाहीतर चिकट, आणि कॅसेट कुठल्या स्पीडने वाजतेय ते देवाला माहीत. सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर हा नियम कागदावर. मग सूर कुठे आणायचा? बुवांची पेटी अजून असेल तर सोपं, नसेल तर रेकॉर्डिंगमधली लाईटची घुरघुर शोधा. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा रेकॉर्डिंगच्या वेळी माईकच्या तारेत शिरलेली घुरघुर आता ५२ ला दिसत असेल तर कॅसेट ४ टक्के फास्ट आहे, ०.९६ रेट टाका. रीक्यूमध्ये (रीपरमधला इक्वलायझर) खालच्या सुरांचा आलेख दिसतो, तिथे डोळ्यांनी शोधता येतं. पण यावर डोळे झाकून विसंबू नका, नव्वदच्या दशकात ग्रीडची फ्रिक्वेन्सीच बरीच खालीवर व्हायची, शेवटचा निर्णय कानाचा. कॅसेट उतरवताना आत्ता शिरलेली घुरघुर मात्र काही सांगत नाही, ती आजची वीज आहे, दोन्हीत गल्लत नको.

अडखळणं, टकटक, तुटणं हा स्पीडचा प्रॉब्लेम नाही, बफर (आवाज आधी साठवून ठेवायची जागा) वाढवा, १०२४ करा आणि पुढे चला.

अख्ख्या बारीचा व्हिडिओ मोबाईलवर आणि आवाज इंटरफेसवर असेल तर तासाभराने ओठ आणि शब्द जुळेनासे होतात, कारण दोन यंत्रांची दोन घड्याळं. सुरुवातीला एक टाळी, शेवटी एक टाळी, मग ऑल्ट दाबून आयटमची कड ओढून दुसरी टाळी जुळवायची. तुकडे पाडत बसायची गरज नाही.

किंमत. ६० दिवस पूर्ण फुकट, काहीही लॉक नाही, नंतर घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलर, म्हणजे पाच हजारांच्या वर जातात, एका मंडळाच्या रेकॉर्डिंगमधून सुटावेत. डाऊनलोड एवढं लहान की पावसात नेटवर्क मेलेलं असताना पण उतरतं, पेन ड्राईव्हवर टाकून दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालवता येतं. वाईट बाजू, दिसायला अगदी सरकारी, मेनूत मेनू आणि त्यात अजून मेनू, आणि तयार वाद्यं जवळपास काहीच नाहीत, तबला-पखवाजचे आवाज तुमचे तुम्ही आणा. टाळ-मृदंगाचे तयार लूप टाकून दोन तासांत गाणं हवं असणाऱ्यांनी घेऊ नये, चिडचिड होईल. पाचपैकी चार, एक स्टार त्या टाइमबेसचा कापला.