थंड प्रदेशातली पिनो न्वार आणि स्पार्कलिंग वाइन: काही महिन्यांच्या वापरानंतर

रंग फिकट दिसला म्हणून पिनो न्वार ही लाल वाइन नापास करू नका. या द्राक्षाची साल मुळात पातळ, त्यात रंगद्रव्य कमी. काही महिने वेगवेगळ्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवून चाखल्यावर निवडीचा एक निकष मात्र टिकून राहिला, तो म्हणजे आंबटपणा. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना लाळ सुटते का आणि किती वेळ सुटत राहते, ते पाहायचं. फळाचा वास छान पण लाळ लगेच थांबली, तर दुसऱ्या पेल्यापर्यंत त्या वाइनचा कंटाळा येतो.

थंड जागी द्राक्ष सावकाश पिकतं. रात्रीच्या गारव्यामुळे त्यातलं आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल टिकतं, साखर बेताने चढते आणि गंध तयार व्हायला वेळ मिळतो. उष्ण जागी साखर आधी धावते, अल्कोहोल वाढतं आणि ताज्या चेरीचा वास जॅमकडे झुकतो. म्हणून लेबलवर 12.5 ते 13.5 टक्के अल्कोहोल दिसलं की माझा कल तिकडे. न्यूझीलंडमधलं सेंट्रल ओटागो याला अपवाद. 45 दक्षिण अक्षांशाजवळच्या या भागात ऊन प्रखर आणि रात्री थंड, त्यामुळे 14 टक्क्यांच्या बाटलीतही आंबटपणा शाबूत असू शकतो. गडद, भरदार चेरी हवी असेल तर तिथली घ्या. ओली माती, अळंबी, वाळलेली पानं असा वास आवडत असेल तर फ्रान्समधल्या बर्गंडीची, तीही काही वर्षं मुरलेली.

पिनो बिघडते ती बहुतेकदा तापमानामुळे. 13 ते 15 अंश योग्य. 20 च्या वर गेली की अल्कोहोल नाकात चढतं. फ्रिजमधून थेट ओतली तर वास मिटतो आणि तुरटपणा टोचतो. उन्हाळ्यात बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवणं पुरतं. उघडल्यावर ओढलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास आला तर घाबरू नका, पेला फिरवत पंधरा-वीस मिनिटं थांबा, बहुधा तो उडतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र हवेने जात नाही. तो बुचातून आलेला दोष असतो, बाटली परत करा. काही उत्पादक घड देठासकट आंबवतात. त्याने मसाल्याचा सुंदर वास येतो, पण देठ कच्चे असतील तर शेवटी हिरवट कडवटपणा राहतो आणि तो मुरवूनही सहसा पूर्ण जात नाही.

स्पार्कलिंगमध्ये, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनमध्ये, ‘ब्रूट’ या शब्दावर फार विसंबू नका. लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, एवढाच त्याचा अर्थ. 4 ग्रॅमवाली आणि 11 ग्रॅमवाली दोन्ही ब्रूटच, चवीत फरक मोठा. ‘एक्स्ट्रा ब्रूट’ 6 ग्रॅमपर्यंत. ‘एक्स्ट्रा ड्राय’ नावाने फसवते, ती 12 ते 17 ग्रॅमची, म्हणजे ब्रूटहून गोड. त्याहून उपयोगाची माहिती मागच्या लेबलवर असते: बाटलीतला यीस्टचा गाळ कधी काढला, ती तारीख. गाळ काढून दोन-तीन महिनेच झालेली बाटली बऱ्याचदा आखडलेली लागते, गाळ काढल्यावर वरून घातलेली साखर वेगळी जाणवते. सहा महिने ते दीड वर्ष हा टप्पा मला सर्वांत आवडतो. भाजलेल्या पावाचा वास हवा असेल तर गाळावर जास्त काळ राहिलेली निवडा. शॅम्पेनमध्ये द्राक्षतोडणीचं वर्ष न छापलेल्या बाटलीला किमान 15 महिने थांबवावं लागतं, त्यातले 12 गाळावर. वर्ष छापलेलीला 3 वर्षं. फक्त काळ्या द्राक्षांची ‘ब्लाँ द न्वार’ जेवणासोबत जास्त भरदार लागते. पारदर्शक काचेची बाटली उजेडात मांडलेली असेल तर घेऊ नका. प्रकाशामुळे वाइनला शिजवलेल्या कोबीसारखा वास येतो.

उघडताना आत बाहेरच्या हवेच्या 5 ते 6 पट दाब असतो, हे विसरू नका. बाटली 8 अंशांपर्यंत गार करा, बर्फ-पाण्यात अर्धा तास लागतो. बुचावरची तार सोडवायला तिला सहा अर्धे पीळ द्या, पण अंगठा बुचावरून हलवू नका. बूच घट्ट धरून बाटली फिरवा. फेस उसळतो तो बाटली गरम किंवा हलवलेली असल्यामुळे. लांब निमुळत्या पेल्यात वास कोंडतो, ट्यूलिपच्या आकाराचा पेला बरा. पेल्याला साबण राहिला तर फेस मरतो. नुसत्या गरम पाण्याने विसळा.

उरलेल्या स्पार्कलिंगला पकडीचं झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवस चांगली राहते. बाटलीच्या तोंडात चमचा ठेवून काही होत नाही. उरलेली पिनो लहान बाटलीत काठोकाठ भरून, झाकून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन दिवस टिकते. पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.