कॅमेरा अस्सल होता, मालक बोगस

सेकंडहँड अलेक्सा मिनी, म्हणजे सिनेमाचा कॅमेरा, घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा. टोकन म्हणून दिलेले माझे ४,७५,००० रुपये गेलेत. ३,००,००० आरटीजीएसने, १,७५,००० रोख. रोख दोन लाखांच्या आतच हवी, नाहीतर इन्कम टॅक्सची भानगड होते, हे विकणाऱ्यानेच मला समजावलं. कायदा पाळणारा माणूस वाटला!

हा कॅमेरा १३,८०,००० ला कोण देतं, असं आता सगळे शहाणे विचारतात. अहो, २०१५ चं मॉडेल, ३.४के सेन्सर, म्हणजे ४केपेक्षा कमी, म्हणून नेटफ्लिक्सच्या ४के ओरिजिनल्सना चालत नाही. काढून टाकणारे असतातच. भावावरून ओळखायला हवं होतं, हे मला मान्य नाही.

डेमो अंधेरीला, आरामनगरात. मेन्यूत जाऊन किती तास चाललाय ते पाहिलं, कॅप लावून हॉट पिक्सेल, म्हणजे अंधारातही चमकणारे ठिपके, शोधले, एरीरॉ (कच्चं फुटेज) आणि ४:३ फ्रेम या जादा सोयींची लायसन्सं तपासली. लायसन्स कायमचं की मुदतीचं, हे विचारायला विसरू नका. बॉडीवरचा सिरियल नंबर बिलाच्या पीडीएफशी ताडला. जुळला. जुळणारच! आधी कधीतरी हाच कॅमेरा भाड्याने आणून त्याने नंबर टिपून ठेवला असणार. बिल मोबाईलवर दाखवलं तर उठून चालू लागा.

केसवर एका रेंटलचं, म्हणजे कॅमेरे भाड्याने देणाऱ्याचं, स्टिकर होतं. म्हणाला, "माझाच आहे, त्यांच्याकडे भाड्याला लावलाय." मुंबईत अर्धे मालक असंच करतात, त्यामुळे पटलं. पण कॅमेऱ्यासोबत आलेला तो अटेंडंट! मी बॉडी उचलायला गेलो तर पोरगा मध्ये आला, "सर, मी देतो." लेन्स त्यानेच बदलली. मग घड्याळ बघून विकणाऱ्याला म्हणाला, "सर, आठला शिफ्ट संपते, पुढे ओव्हरटाइम लागेल." स्वतःच्या कॅमेऱ्याला कुणी ओव्हरटाइम लावतं? हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आणि त्याच खोलीत बसून टोकन दिलं. त्या वाक्याने अजून झोप लागत नाही. कॅमेरा आठला रेंटलला परत गेला, माणूस त्या रात्रीपासून स्विच ऑफ.

रेंटलवाला म्हणतो, आम्ही भाड्याने दिला, परत आला, आमचा काय संबंध? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. खातं तोवर रिकामं. रोख रकमेबद्दल तर ऐकूनच घेईनात. पुण्यातलं पोलीस ठाणं म्हणे गुन्हा मुंबईत घडला, मुंबईतलं म्हणे पैसे पुण्यातून गेले. बीएनएसएस या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम १७३ खाली हद्द कुठलीही असो, एफआयआर (झीरो एफआयआर म्हणतात तो) घ्यावाच लागतो, असं मी म्हटलं तर साहेब हसले. "वकील आहात का?" मग म्हणे हा दिवाणी मामला, तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत. वर एक हवालदार, "एवढा महाग कशाला हवा होता? हल्ली मोबाईलवर पिक्चर होतात." बँकेने तर खातं कुणाच्या नावावर उघडलंय तेही सांगितलं नाही, 'गोपनीयता'! चोराची गोपनीयता जपतात, माझ्या पैशांची नाही. आता पोलीस उपायुक्तांना लेखी अर्ज दिलाय. एफआयआर नाकारला तर तुम्हीही लेखीच द्या, पोच घ्या, तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली, नंबर नवा, भाव १२,९०,०००. डेमोला जाल तर त्या अटेंडंटला बाहेर चहाला न्या आणि विचारा, कॅमेऱ्याच्या भाड्याचं चलन कुणाच्या नावाने फाडलंय.